फावल्या वेळात विणलेला इतिहास

बाहेर एवढं ऊन आहे, हॉलमधले पंखे पूर्ण वेगानं फिरताहेत आणि आम्ही टेबलावर लोकरीचा अर्धवट स्वेटर ठेवलाय. काहींना वाटलं असेल, आजचा विषय चुकला की काय. (हशा) विषय चुकलेला नाही. मागच्या व्याख्यानात आपण गिरणीचा भोंगा आणि हजेरीचं घड्याळ यांच्याबद्दल बोललो होतो. कामाचा वेळ मोजायला माणूस कसा शिकला, हा तो विषय. आज त्याचीच दुसरी बाजू बघायची आहे. जो वेळ कुणी मोजलाच नाही, त्याचं काय झालं?

आधी या स्वेटरची ओळख करून देतो. आमची थोरली आत्या दर मे महिन्यात माहेरी, म्हणजे आमच्याकडे नाशिकला यायची. तिची सुट्टी ती एवढीच. ट्रंकेत दोन पातळं कमी असली तरी चालायचं, पण सुया आणि लोकर हमखास असायची. आम्ही भावंडं आमरसाच्या वाट्या घेऊन बसलो की ती एकेकाला उभं करून पाठीची मापं घ्यायची आणि प्रत्येक मापात दोन बोटं जास्त धरायची, ‘वाढतं अंग आहे’ म्हणून. स्वेटर मेमध्ये सुरू व्हायचा, तिच्या घरी दुपारच्या सवडीत पुढे सरकायचा आणि दिवाळीनंतर पोस्टानं पार्सल यायचं. आमच्यापैकी कुणी तिला कधी विचारलं नाही की आत्या, याला किती वेळ लागला. एकदा मात्र विचारलं ते वेगळंच. तो प्रश्न शेवटी सांगतो.

आता तो हिशेब आपणच करू. मोठ्या माणसाचा, पूर्ण बाह्यांचा, साध्या विणीचा स्वेटर घ्या. घेर ४० इंच, एका इंचात ६ टाके, म्हणजे पाठ आणि पुढचा भाग मिळून एका ओळीत २४० टाके. उंची २५ इंच, इंचाला ८ ओळी, म्हणजे २०० ओळी. झाले ४८,००० टाके. दोन बाह्यांचे मिळून आणखी बावीस-तेवीस हजार. बगल आणि गळा यांची घट वजा केली तरी पासष्ट ते सत्तर हजार टाके होतात. हात बसलेली बाई मिनिटाला साधारण ३० टाके घालते असं धरलं, तर नुसत्या विणण्याचे जवळजवळ ४० तास. उसवणं, पुन्हा घालणं, शिवून जोडणं हे वेगळं. चाळीस तास म्हणजे आजच्या नोकरीतला एक अख्खा आठवडा! हा आठवडा कुठल्याच हजेरीपुस्तकात नाही. त्याला आपल्याकडे एक गोड शब्द आहे, ‘फावला वेळ’. फावणं म्हणजे सवड मिळणं, साधणं. ती सवड कुणाची, आणि ती कुणाला फावली, हा आजचा प्रश्न.

सुरुवातीला एका शब्दाचा घोटाळा दूर करू. मराठीत आपण मागावरचं कापडही विणतो, सुयांवरचा स्वेटरही विणतो, खाटेची नवारही विणतो आणि टोपलीसुद्धा विणतो. क्रियापद एकच. त्यामुळे आपल्याला वाटतं की स्वेटरचं विणकाम आपल्याकडे पैठणीइतकं जुनं असणार. तसं नाही. मागावर उभे आणि आडवे असे दोन धागे एकमेकांत अडकतात. सुयांवर मात्र एकच धागा स्वतःच्याच फासातून पुन्हा पुन्हा ओढला जातो. म्हणून स्वेटर ताणला जातो आणि म्हणूनच एक टोक ओढलं की सगळा उसवतो. काश्मीरची शाल जगप्रसिद्ध आहे, पण ती मागावरची. सुयांवरचं विणकाम भारतात घरोघर पोहोचलं ते बरंच अलीकडे.

या कलेचे सगळ्यात जुने खात्रीचे अवशेष इजिप्तमध्ये मिळाले. साधारण इ.स. १००० ते १४०० या काळातले मोजे आणि मोज्यांचे तुकडे. आणि गंमत बघा, त्यांतले बरेचसे लोकरीचे नाहीत, सुती आहेत, पांढऱ्या आणि निळीच्या रंगाचे. तिथून स्पेनमध्ये. कॅस्टिलचा राजपुत्र फर्नांदो दे ला सेर्दा १२७५ साली वारला. बुर्गोस शहराजवळच्या मठात त्याच्या शवपेटीत रेशमी धाग्यानं विणलेल्या उशा सापडल्या. वीण इतकी बारीक की मागावरची वाटावी. त्या मुसलमान कारागिरांनी केल्या असं अभ्यासक मानतात. पुढे इ.स. १४०० च्या आसपास जर्मनीत एक चित्र काढलं गेलं. त्यात मेरी बसून चार सुयांवर गोल सदरा विणते आहे आणि बाळ येशू शेजारी आहे. हे चित्र आज हँबुर्गच्या संग्रहालयात आहे. बाळ जवळ, हात सुयांवर. हे दृश्य आपल्याला अनोळखी वाटत नाही.

पण हे चित्र बघून विणकाम पहिल्यापासून बायकांचंच होतं असं समजू नका. युरोपच्या शहरांत पुढची दोन-तीनशे वर्षं हा पुरुषांचा संघटित व्यवसाय होता. विणकऱ्यांच्या श्रेणी होत्या, आपल्याकडे जुन्या काळी होत्या तशा. मुलगा काही वर्षं उमेदवारी करायचा, मग गावोगाव फिरून हात पक्का करायचा आणि शेवटी परीक्षा. मध्य युरोपात या परीक्षेला टोपी, मोजे, सदरा आणि वर एक भलामोठा नक्षीदार गालिचा विणून दाखवावा लागे. तो वेळ फावला नव्हता. त्याला दाम होता, मान होता आणि उस्ताद ही पदवी होती.

मग बदललं काय? यंत्र आलं. १५८९ साली इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळच्या कॅल्व्हर्टन गावच्या विल्यम ली यानं मोजे विणायची चौकट तयार केली. राणी एलिझाबेथनं त्याला पेटंट दिलं नाही. हातानं मोजे विणून पोट भरणाऱ्या गरिबांचा घास जाईल, अशी काळजी तिनं बोलून दाखवल्याची कथा सांगितली जाते. ली फ्रान्सला गेला आणि तिकडेच हलाखीत मेला. पण चौकट उरली, सुधारली, पसरली. पुढे याच चौकटींवर काम करणाऱ्या नॉटिंगहॅमच्या कामगारांनी १८११ पासून रात्री घुसून चौकटी फोडायला सुरुवात केली. तेच ते लडाइट. १८१२ मध्ये चौकट फोडणाऱ्याला फाशी देणारा कायदा झाला. कवी बायरन त्या विधेयकाविरुद्ध उमरावांच्या सभागृहात बोलला होता. तंत्रज्ञानाच्या इतिहासात ही गोष्ट नेहमी सांगतात. आपण तिच्या मागच्या दाराची गोष्ट बघू.

यंत्रानं भाव पाडले की हातानं विणणारा दोनच गोष्टी करू शकतो. एक तर काम सोडायचं, नाहीतर पोटाचं काम दुसरं धरून विणकाम उरलेल्या वेळात ढकलायचं. उत्तर इंग्लंडमधल्या डेंट नावाच्या डोंगराळ खोऱ्यात दुसरी गोष्ट झाली. तिथे बायका, पुरुष, पोरं, सगळे विणत. गुरांमागे जाताना विणत, बाजाराला जाताना विणत. कमरेच्या पट्ट्यात एक लाकडी म्यान खोचलेलं असे. त्यात एका सुईचं टोक रोवलं की एक हात बराच मोकळा होई आणि वेग वाढे. संध्याकाळी सगळे एका घरी जमत, म्हणजे शेकोटी एकच आणि मेणबत्ती एकच. भूगर्भशास्त्रज्ञ ॲडम सेजविक १७८५ साली याच गावी जन्मला. म्हातारपणी त्यानं या बैठकींबद्दल फार प्रेमानं लिहिलंय. गाणी, गोष्टी, वाचन, थट्टामस्करी.

पण त्याच डेंटबद्दल कवी रॉबर्ट साउदीच्या ‘द डॉक्टर’ या ग्रंथात दुसरी हकिकत आहे. विणकाम शिकायला म्हणून दोन लहान बहिणींना दूरच्या गावाहून तिथे ठेवलं होतं. थोरली सात-आठ वर्षांची. दिवसभर आणि रात्रीही विणायचं, ठरलेलं काम पुरं करायचं. त्या पोरी घराच्या ओढीनं ऐन थंडीत पळाल्या आणि चालत आईबापांकडे पोहोचल्या. आता बघा, शेकोटी तीच आणि सुया त्याच. म्हाताऱ्या प्राध्यापकाला गाणी आठवतात आणि त्या पोरींना पळून जाणं. फावल्या वेळाचा इतिहास लिहिताना यातली एकच बाजू घेतली तर खोटेपणा होईल.

स्कॉटलंडच्याही उत्तरेला शेटलंड बेटं आहेत. तिथले पुरुष मासेमारीला समुद्रावर. बायका शेत बघत, जळणासाठी दलदलीची वाळलेली माती टोपल्यांतून पाठीवर वाहत आणि टोपली पाठीवर असताना हातांनी विणत चालत. तसे जुने फोटो आहेत. विणलेल्या शाली आणि मोजे दुकानदार घेई. पण रोख पैसे देत नसे. चहा द्यायचा, कापड द्यायचं, नाहीतर चिठ्ठी द्यायची, जी त्याच्याच दुकानात चालेल. बाईला घरात पीठ हवंय आणि हातात चहाची पुडी. मग ती पुडी शेजारणीला देऊन पीठ मिळवायचं. १८७२ मध्ये सरकारी आयोगानं तिथे जाऊन साक्षी नोंदवल्या आणि त्यात या बायकांनी स्वतःच्या तोंडानं हा व्यवहार सांगितला. पैसे का देत नाही? कारण उघड होतं. विणकाम हे काही ‘खरं काम’ धरलेलं नव्हतं, घरकामातून उरलेल्या वेळातलं ते. ज्या वेळाला किंमत नाही, त्याची मजुरी वस्तूत दिली तरी चालते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आणि गंमत म्हणजे याच बेटांपैकी फेअर आयलच्या रंगीत नक्षीचा स्वेटर १९२२ साली इंग्लंडच्या युवराजानं गोल्फ खेळताना घातला आणि ती नक्षी जगभर फॅशन झाली. आपल्याकडे सत्तरच्या दशकात छातीवर आडवी रंगीत पट्टी असलेले जे स्वेटर असायचे, त्यांचं दूरचं नातं तिथे पोहोचतं.

आता युद्धं. तुमच्या कपाटातले कितीतरी शब्द एका युद्धातून आलेत. १८५४ चं क्रिमियाचं युद्ध. बालाक्लाव्हाच्या लढाईत घोडदळ घेऊन तोफांवर धावला तो लॉर्ड कार्डिगन. त्याच्यावरून पुढून बटणांचा ‘कार्डिगन’. सेनापती लॉर्ड रॅग्लन, ज्याचा एक हात वॉटर्लूला गेला होता, त्याच्यावरून गळ्यापर्यंत तिरकी जाणारी ‘रॅग्लन’ बाही. आणि त्या थंडीत गोठणाऱ्या सैनिकांसाठी विणलेली, फक्त चेहरा उघडा ठेवणारी टोपी इंग्रजीत ‘बालाक्लाव्हा’ झाली. आपण तिला काय म्हणतो? बरोबर, माकडटोपी! (हशा) पहाटे फिरायला निघालेल्या आजोबांच्या डोक्यावर क्रिमियाचं युद्ध असतं.

पहिल्या महायुद्धात हे सगळं मोठ्या प्रमाणावर झालं. १९१४ मध्ये लॉर्ड किचनरच्या मागणीवरून राणी मेरीनं सैनिकांसाठी तीन लाख जोड मोजे आणि तीन लाख विणलेले कमरपट्टे हवेत असं आवाहन केलं. बायकांनी, शाळकरी पोरींनी, म्हाताऱ्यांनी ते विणले. विकत घ्यायचे नाहीत, फावल्या वेळात करायचे. आणि इथे कामगार स्त्रियांची पुढारी मेरी मॅकार्थर हिनं एक अवघड मुद्दा मांडला. युद्ध सुरू होताच हजारो शिवणकामगार आणि विणकामगार बायका बेकार झाल्या होत्या. सुखवस्तू घरांतून मोजे फुकट यायला लागले तर त्यांना काम कोण देणार? या विरोधामुळे बेकार स्त्रियांना काम पुरवण्यासाठी राणीच्या नावानं वेगळा निधी काढावा लागला. म्हणजे एकीचा फुकटचा वेळ दुसरीच्या पोटावर पाय देऊ शकतो. देणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. तरीही.

याच सुमारास आपली माणसं या गोष्टीत येतात. सप्टेंबर १९१४ च्या अखेरीपासून लाहोर आणि मीरत डिव्हिजनचे हिंदी सैनिक फ्रान्समध्ये मार्सेय बंदरात उतरायला लागले आणि थोड्याच दिवसांत फ्लँडर्सच्या चिखलात आणि थंडीत उभे राहिले. अंगावर पातळ खाकी. त्यांच्यासाठी लंडनमध्ये ‘इंडियन सोल्जर्स फंड’ निघाला आणि त्यातून मोजे, मफलर, कानटोप्या गेल्या. पंजाबच्या खेड्यातल्या जवानाच्या डोक्यावर अनोळखी बाईनं विणलेली टोपी. त्यानं ती गावी नेली असेल तर तिथल्या बायकांनी ती उलटसुलट करून नक्कीच पाहिली असेल.

पण भारतात विणकाम पोहोचायला युद्धाची गरज नव्हती. ते आधीच तीन वाटांनी आलं होतं. पहिली वाट मिशनच्या शाळा. मुंबई, अहमदनगर या भागात एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी मुलींच्या शाळा काढल्या, त्यांत वाचन-लेखनाबरोबर सुईकाम असे. आपल्या सुधारकांनीही पुढे ते उचललं. १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानं सेवासदन सुरू झालं, तिथेही शिवण आणि हस्तकला होतीच. याकडे दोन नजरांनी बघता येतं. विधवेला, परित्यक्तेला चार पैसे मिळवून देणारं हे कौशल्य होतं. आणि मुलगी शिकली तरी घराबाहेर जाणार नाही, याची समाजाला दिलेली हमीसुद्धा होती. शाळेला विरोध करणारा सासरा सुनेच्या हातचे मोजे बघून थोडा निवळत असेल, तर त्या मोज्यांनीही स्त्रीशिक्षणाला हातभार लावला असं म्हणायला हवं.

दुसरी वाट छावण्या आणि थंड हवेची ठिकाणं, जिथे मडमांचं बघून आया आणि नोकरमंडळी शिकली. या वाटेची खूण आजही आपल्याकडे आहे. दुकानात आपण ‘बॉर्डरला १२ नंबरच्या सुया द्या आणि अंगाला १० नंबरच्या’ असं म्हणतो. या जुन्या ब्रिटिश मापात नंबर वाढला की सुई बारीक होते. आता मिलीमीटरचं माप आलंय, पण आपल्या बायकांच्या तोंडी नंबर तेच आहेत.

तिसरी वाट गिरणीची. कानपूरची लोकरीची गिरणी १८७६ ची, जिची ‘लाल इमली’ ही छाप घरोघर माहीत झाली. पंजाबात धारीवालची गिरणी १८८० ची. गिरणीतून एकसारखी, रंगीत लोकर बाजारात आली म्हणून घरात विणणं शक्य झालं. म्हणजे बघा, ज्या यंत्रानं इंग्लंडमध्ये हातविणीचा धंदा मारला, त्याच यंत्रयुगानं भारतात हातविणीचा छंद जन्माला घातला. आपल्याकडे ते आलंच मुळी ‘फावल्या वेळातलं काम’ म्हणून. उस्ताद, परीक्षा, मजुरी हा मधला टप्पा आपल्याकडे जवळपास नव्हताच.

तुम्ही म्हणाल, महाराष्ट्रात एवढी थंडी कुठेय? मुंबई-कोकणात स्वेटर कशाला? याचं उत्तर एका शब्दात आहे, बाळंतविडा. बाळ-बाळंतिणीला न्यायच्या भेटीत झबलं, टोपडं, दुपटं, कुंची हे सगळं जुनंच होतं. त्यात विसाव्या शतकात लोकरीचं टोपडं आणि इवलेसे मोजे सहज जाऊन बसले. दमट मुंबईतसुद्धा! लोकर थोडी लागते, दोन दुपारी पुरतात, आणि ‘मी स्वतः केलंय’ हे सांगता येतं. उबेपेक्षा नात्याची गरज मोठी होती.

आता मुळाशी जाऊ. हीच कला फावल्या वेळात का बसली? १९७० साली ज्युडिथ ब्राऊन या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी एक साधा मुद्दा मांडला. लहान मुलांची जबाबदारी ज्यांच्यावर आहे, त्यांच्या वाट्याला तीच कामं येतात जी मध्येच थांबवता येतात, पुन्हा सुरू करता येतात, धोक्याची नसतात आणि घराजवळ होतात. एलिझाबेथ बार्बर यांनी पुढे याच धाग्यानं कापडाचा हजारो वर्षांचा इतिहास लिहिला. स्वेटर या कसोटीला तंतोतंत उतरतो. दूध उतू जायला लागलं, ओळ अर्धी सोडून उठा. टाके सुईवर वाट बघत थांबतात. कान मोकळे, तोंड मोकळं, साध्या विणीला डोळेही मोकळे. लोकलच्या लेडीज डब्यात बसायला जागा मिळाली की सुया बाहेर. कार्यालयात जेवणाच्या सुट्टीत, दवाखान्याच्या रांगेत, मुलाची शिकवणी सुटेपर्यंत जिन्यात. सुट्टीत गावी जाताना एसटीत. हा वेळ दिसायला तुकड्यातुकड्यांचा. पण चाळीस तास त्यातूनच जमतात.

आणि १९६२ मध्ये हे तुकडे राष्ट्राला लागले. २० ऑक्टोबरला चीननं नामका चू नदीवर हल्ला केला तेव्हा तिथल्या आपल्या ब्रिगेडचे पुष्कळ जवान सुती गणवेशात, डोंगरातल्या थंडीत उभे होते. त्या ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर जॉन दळवी युद्धकैदी झाले. त्यांनी पुढे ‘हिमालयन ब्लंडर’ या पुस्तकात ही अवस्था लिहून ठेवली. देशभर बायकांनी दागिने दिले आणि सुया हातात घेतल्या. शाळांतून, महिला मंडळांतून, चाळींच्या गॅलऱ्यांतून जवानांसाठी स्वेटर, मोजे, मफलर. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले तो हाच नोव्हेंबर. त्या स्वेटरांबद्दल आपण आजही भरल्या गळ्यानं बोलतो आणि बोलावंच. पण इतिहास शिकणाऱ्यानं आणखी एक प्रश्न विचारावा. जवानाच्या अंगावर स्वेटर नसणं ही सरकारी नियोजनातली चूक होती. ती भरून काढायला कुणाचा वेळ वापरला गेला? ज्यांचा वेळ कुठल्याच अंदाजपत्रकात नव्हता, त्यांचा. शेटलंडचं वाक्य आठवा.

यानंतर उतार. लुधियानात यंत्रांवरचे होजिअरी कारखाने वाढले. लोकरीच्या जागी ॲक्रिलिक आलं. स्वस्त, कसर न लागणारं, सहज धुता येणारं. १९५९ नंतर भारतात आलेले तिबेटी निर्वासित लुधियानाचा माल घेऊन हिवाळ्यात गावोगावी फुटपाथवर बसायला लागले. पुणे, नाशिक, नागपूर, सगळीकडे. देश गमावलेल्या माणसांचा तो पोटाचा आधार झाला आणि आपल्याला स्वेटर घासाघीस करून मिळायला लागला. मग घरी विणायला लोकर घेतली तर तिचीच किंमत तयार स्वेटरइतकी, कधी जास्तही. पूर्वी उलटं होतं. लोकर महाग म्हणून ती जपली जायची. मुलगा वाढला की स्वेटर उसवायचा, लडी करायची, धुवून वजन टांगून वाळवायची की धागा सरळ होतो. मग पुन्हा गुंडा, पुन्हा टाके. थोरल्याचा स्वेटर धाकटीच्या अंगावर वेगळ्या नक्षीत यायचा.

आता तो प्रश्न. नव्वदच्या दशकातल्या एका मे महिन्यात आत्या मापं घ्यायला उभी राहिली आणि आम्ही सहज म्हणालो, ‘आत्या, बाजारात तयार मिळतो की. कशाला एवढा त्रास?’ तिच्या हातात हाच स्वेटर होता, बगलेपर्यंत आलेला. ती हसली, ‘खरंच की’ म्हणाली, आणि टाके सुईवर ठेवूनच तो ट्रंकेत गेला. आम्हाला वाटत होतं, आम्ही तिचे कष्ट वाचवले.

बऱ्याच वर्षांनी ती आमच्याजवळ याबद्दल बोलली. रागानं नाही. म्हणाली, ‘अरे, सासरी दुपारी नुसतं बसलेली बाई दिसली की कुणीतरी काम सांगायचंच. पुस्तक घेऊन बसले तर ‘रिकामी आहेस का’. सुया हातात असल्या की कुणी उठवायचं नाही. बाई कामात आहे. माझा मला मिळायचा तेवढा वेळ तो होता.’

हे ऐकल्यावर आम्हाला आमचा सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागला. तोवर आम्ही दोन खाने केले होते. एकात फुकटचे श्रम, दुसऱ्यात छंद आणि माया. आत्यानं तिसरा खाना दाखवला. जिथे बाईला विश्रांतीचा हक्क मागता येत नाही, तिथे कामाचा बुरखा घेऊन विश्रांती मिळवावी लागते. सुया हा तो बुरखा होता. त्या वेळाची किंमत स्वेटरच्या भावात मोजता येत नाही, आणि आम्ही नेमकी तीच चूक केली होती. तयार स्वेटर आला तेव्हा तिचे चाळीस तास वाचले खरे, पण ते तिला मिळाले नाहीत. ते घरातल्या दुसऱ्या कामांत गेले.

तेव्हा फावला वेळ ही काही निसर्गानं दिलेली वस्तू नाही. तो कुणीतरी ठरवतो. श्रेणीतल्या उस्तादाचा वेळ मोजला गेला, कारण त्याच्यामागे संघटना होती. शेटलंडच्या बाईचा वेळ आयोग आला तेव्हा कागदावर उमटला. आपल्या घरांतला अजून उमटायचाय.

म्हणून नेहमीप्रमाणे एक काम देतो. या सुट्टीत घरी किंवा गावी गेलात की जुन्या ट्रंका उघडा. स्वेटर, टोपडं, मफलर, जे निघेल ते बाहेर काढा आणि ज्यांनी केलं त्या हयात असतील तर त्यांच्याजवळ बसा. किती छान आहे, हे आपण नेहमी म्हणतो. त्यापुढे जाऊन विचारा. कुणाकडून शिकलात? लोकर कुठून आणली, पैसे कुणी दिले? कुठे बसून विणायचात, कितीला उठायचात? विणताना मनात काय असायचं? तारीख घालून लिहून ठेवा. नक्षी येत असेल तर ‘एक सुलट, दोन उलट’ करत तीही उतरवून घ्या.

हा स्वेटर आम्ही पुरा करायला घेतलाय. बगलेची घट आम्हाला येत नव्हती. आत्याला आता सुईचं टोक नीट दिसत नाही, पण ती बोटांनी टाके मोजते आणि चुकलं की लगेच ‘उसव’ म्हणते. तीन वेळा उसवून झालाय. आम्ही मिनिटाला जेमतेम दहा टाके घालतो, म्हणजे अजून बरेच तास लागणार. मोजतो आहोत. एका वहीत तारीखवार लिहितो आहोत, तिच्याच समोर बसून.

आता प्रश्न घेऊ या.